कोबेचा दोर

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. माय आणि मी जपानला देवदर्शनाला गेलो नव्हतो. शिकायला गेलो नव्हतो, की कुणी बोलावलं म्हणून हार घालून घ्यायलाही गेलो नव्हतो. कोबे नावाच्या बंदराच्या शहरात आम्ही हिंडायला गेलो होतो. नुसतं हिंडायला. त्या उन्हाळ्यात हे मला इतक्या जणांना ऐकवावं लागलं, की अजूनही कुणी "बरं, पण कशासाठी?" म्हटलं की माझं डोकं फिरतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. आमचं गाव मानवत आणि पोखर्णीच्या मधलं, आणि मी त्याच गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. बाप आम्ही लहान असतानाच गेला. मायनं ऊस तोडून आम्हाला वाढवलं. आमच्या घराण्यात प्रवास म्हणजे बैलगाडीत भांडी, कोयता, एक शेळी आणि वर आम्ही दोघं पोरं. दिवाळी झाली की निघायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. कुठलं गाव लागलं, नदी कुठली ओलांडली, हे बघायला कुणाला सवड? दादा शिकला, जहाजावर इंजिनिअर झाला. त्याच्या कंपनीचं नवं जहाज कोबेच्या गोदीत बांधून होत होतं आणि ते होईपर्यंत त्याला तिथंच ठेवलं होतं. शाळेला सुट्टी लागली की मायला घेऊन ये, असं त्यानं कळवलं आणि पाठोपाठ तिकिटं धाडली.

मग चौकशीचं सत्र सुरू झालं. पासपोर्टासाठी पोलीस जमादार घरी आले. बाजेवर बसून त्यांनी मायला नीट न्याहाळलं.

"जपानला कामून जायलाव, म्हातारे?"

"हिंडायला."

"नुसतं हिंडायला कुणी जातंय व्हय एवढ्या लांब?"

"तुमी गेलाव का कदी कुटं?" मायनं विचारलं.

"गेलो की. तुळजापूरला."

"तुमी देवीला गेलाव, मी समिंदराला जायलेय. तसंच लिवा."

जमादारांनी काय लिहिलं कोण जाणे, पण पासपोर्ट आला. आमचे हेडमास्तर तर हात धुऊन मागे लागले होते. "शैक्षणिक अभ्यासदौरा म्हणा, बाई, शाळेचं नाव होईल." मी म्हटलं, सर, सुट्टी माझी, माय माझी, अभ्यास मी काहीएक करणार नाही. आमच्या वस्तीतल्या लोकांचा वेगळाच उत्साह. छप्पन साली आम्ही सगळे बौद्ध झालो, तेव्हा माय जपानला निघाली म्हणजे बुद्धाच्या कामालाच निघाली, असं त्यांनी धरूनच टाकलं. एका वडीलधाऱ्या बाबांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. माय दचकून मागे सरली. "आवो, मी जहाजं बगायला जायलेय," ती म्हणाली.

आता आडाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वस्तीला एक छोटी विहीर होती. चैत्र संपला की ती आटायची. मग गावाच्या मधोमध जो मोठा आड होता, त्यावर जावं लागायचं. जायचं म्हणजे कट्ट्याच्या खाली घागर ठेवून उभं राहायचं. कुणाला दया आली की ती वरून आपल्या पोहऱ्यातलं पाणी आमच्या घागरीत ओतायची, चांगलं हातभर उंचावरून, शिंतोडा उलटा उडू नये म्हणून. तहान लागली असेल तर ओंजळ करायची, तीही तशीच खालून. दोराला आम्ही हात लावायचा नाही. शिवाशिव बंद करणारा कायदा होता. तो फळ्यावर लिहून मीच गावच्या पोरांना शिकवायचे. त्यांची पोरं माझ्यासमोर मांडी घालून पाढे म्हणत, आणि त्यांच्या आया माझ्या मायला उंचावरून पाणी वाढत.

मी आडावर जायचं सोडूनच दिलं होतं. नदीत झिरा उकरून गढूळ पाणी आणायचे. मायशी दर उन्हाळ्याला माझं भांडण व्हायचं. "चढ की कट्ट्यावर, धर दोर, मी आहे ना," असं मी म्हणायचे. ती डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि म्हणायची, "तू भांडून ये, तवर मी पाणी घेऊन येते." तिला जास्त करून पाणी वाढायची ती मोठ्या वाड्याची एक काकू. अख्खं गाव तिला काकूच म्हणायचं. बाई स्वभावानं वाईट नव्हती. "घे गं, पोटभर पी," असं प्रेमानं म्हणायची. त्या प्रेमाचाच मला जास्त राग यायचा.

मायचा हात त्या दोराला लागलेला मला एकदा बघायचा होता. बाकी जपान-बिपान मला काही पडलेलं नव्हतं.

मानवत रोडवरून मनमाड, तिथून मुंबई, मग विमान. मायनं ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घेतला होता. नऊवारी लुगड्यावर दादाचं जुनं स्वेटर आणि पायात मोजे घालून वर चप्पल, अशी ती कोबेत उतरली. चप्पल मोज्यावरून सारखी निसटायची. ती थांबायची, चप्पल चढवायची, पुन्हा चालायची. कोबे हे शहर म्हणजे मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधे दाटीवाटीनं बसवलेली घरं. वर चढून गेलं की सगळं बंदर खाली दिसायचं, क्रेन आणि जहाजं आणि लाल रंगाचा एक उंच मनोरा. दादाची खोली इवलीशी होती. तिथल्या गॅसवर माय भाकरी थापायची आणि तिचा वास जिन्यात जायचा. खालची म्हातारी घरमालकीण नाक वर करून बघायची, पण एक दिवस तिनं अर्धी भाकरी मागून खाल्ली आणि बराच वेळ चावत बसली.

दादा सकाळी गोदीवर जायचा आणि आम्ही दोघी धक्क्यावर. सुरुवातीला दोन दिवस मायला चैन पडेना. आपण नुसतं बसलोय आणि कुणी हाकललं नाही, याचीच तिला धास्ती वाटायची. तिसऱ्या दिवसापासून तिला गोडी लागली. दगडी कठड्यावर पाय सोडून बसायची आणि बोट दाखवून विचारायची, हे कुठून आलं, ह्याच्यात काय हाय, हे कुठं जायलंय? मला काय ठाऊक? मी थापा मारायचे. ह्याच्यात लोखंड, ह्याच्यात केळी. तिला कळायचं मी थापा मारते ते. "ह्या पांढऱ्या जहाजात आपल्या मानवतचा कापूस हाय," ती म्हणायची, आणि आम्ही दोघी हसायचो. जन्मभर लोकांचं वझं उचललेली ती बाई दुसरी माणसं वझं उचलताना बसून बघत होती. मला तिच्याकडे बघून इतकं बरं वाटायचं की सांगता येत नाही.

शाळेच्या पोरी लुगडं बघून घोळका करायच्या आणि फोटो काढायच्या. माय सरळ ताठ बसून द्यायची काढू. एकदा बाजारपेठेत साडी नेसलेल्या एका बाई भेटल्या, तिथंच दुकान असलेल्या. आपल्या देशाचं माणूस बघून त्यांना आनंद झाला. हिंदीत बोलता बोलता त्यांनी विचारलं, "आप लोग कौन?" हा प्रश्न कुठून येतो आणि कुठे जातो, ते आम्हाला पाठ आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माय म्हणाली, "टुरिस." दादानं शिकवलेला शब्द. माय चप्पल चढवून पुढे चालू लागली.

एका रविवारी दादा आम्हाला डोंगराच्या वाटेवर घेऊन गेला. खालची वस्ती दाखवता दाखवता तो एकीकडे बोट करून म्हणाला, "तिकडं राहत्यात ना, त्यांच्याशी हे लोक सोयरीक करत न्हाईत. त्यांचे आजे-पणजे कातड्याचं काम करायचे म्हणं. गोदीवरल्या एकानं सांगितलं."

माझं तोंड कडू झालं. एवढा समुद्र ओलांडून आलो आणि इथंही तेच. मी म्हटलं, चला परत, मला नाही बघायचं हे शहर. मायला मात्र वेगळंच पडलं होतं.

"मंग त्यांचा आड कोनता?" तिनं विचारलं.

"आड न्हाई गं. नळ हाय. समद्यांना एकच पाणी."

"लगीन न्हाई, पर पाणी एक," ती स्वतःशीच म्हणाली. मग दादाला म्हणाली, "पाणी तरी घेतलं म्हणायचं लेकरांनी." आणि तिनं मला उतरू दिलं नाही, पुढे चढायला लावलं.

वर एक जुनं बौद्ध मंदिर होतं. दादा बाहेरच्या बाकावर बसून राहिला आणि आम्ही दोघी आत शिरलो. दाराशीच दगडाचा एक हौद होता. बांबूच्या नळीतून त्यात पाणी पडत होतं आणि काठावर लांब दांड्याच्या पळ्या ठेवलेल्या होत्या. येणारा माणूस पळीनं पाणी घ्यायचा, आधी एका हातावर, मग दुसऱ्या हातावर ओतायचा आणि आत जायचा. सोपं काम. मी पळी उचलली, हात धुतले आणि मागे वळून बघितलं तर माय शेजारी नव्हती.

ती हौदापासून चांगली लांब उभी होती. चप्पल काढलेली, पदर खोचलेला, कमरेत वाकलेली, आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून ती थांबली होती. लोक तिला वळसा घालून जात होते. कुणाला काही कळत नव्हतं. मलाही क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि अंगाची नुसती आग आग झाली. माय कुणीतरी पाणी वाढेल म्हणून थांबली होती. कोबेमध्ये! जिथं तिची जात कुणाच्या बापाला ठाऊक नव्हती, तिथं तिच्या हातांना ती ठाऊक होती. मी आमच्या गावाला, आडाला, काकूला आणि काकूच्या सात पिढ्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहिता येणार नाहीत.

मी तिच्याकडे जाणार, तोच राखाडी किमोनोतली एक म्हातारी पुढे झाली. मायच्याच वयाची, पाठीत तशीच वाकलेली. तिला वाटलं असेल, या परदेशी बाईला रीत ठाऊक नाही. तिनं पळी भरली आणि मायच्या ओंजळीत पाणी घातलं. मायनं सवयीनं ते पिऊन टाकलं. म्हातारी हसली. तिनं खुणेनं सांगितलं, पिऊ नको, हात धू, आणि पुन्हा पळी भरून पाणी घातलं. आणि मग तिनं ती पळी मायच्या हातात दिली आणि आपले दोन्ही हात पुढे केले.

माय माझ्याकडे बघू लागली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिला भीती वाटत होती.

"वाढ की," मी म्हटलं.

ती हौदाजवळ गेली. पळी भरली. आणि तिनं ती उंच धरली नाही. म्हातारीच्या बोटांना पळी टेकवून तिनं हळूहळू पाणी सोडलं. म्हातारीनं हात चोळले, मान लववली आणि आत निघून गेली. माय पळी धरून तशीच उभी राहिली. आत मंदिरात काय होतं, कशी मूर्ती होती, ते आम्ही बघितलंच नाही.

उतरताना मायनं विचारलं, "ती कोन आसंल गं? त्यांच्यातली का ह्यांच्यातली?"

"मला काय ठाऊक?"

"तिनं बी न्हाई इचारलं," माय म्हणाली.

जपाननं आम्हाला काही शिकवलं, असं मात्र मी कुणाला म्हणू देत नाही. मायला जे करायचं होतं ते तिच्या पोटात वर्षानुवर्षं होतंच. तिथं फक्त कुणी आडवं आलं नाही, एवढंच.

निघायचे दिवस आले तेव्हा दादा म्हणाला, काय घ्यायचं ते घ्या. लोक तिथून बाहुल्या घेतात, पंखे घेतात, ट्रान्झिस्टर घेतात. माय बंदरावरच्या एका दुकानात शिरली. जहाजांना लागणारं सामान विकणारं दुकान होतं ते. तिथं दोरखंडांची वेटोळी टांगलेली होती. बोटाएवढ्या जाडीच्या पांढऱ्याशुभ्र नायलॉनच्या दोराला तिनं हात लावला, ओढून बघितला आणि म्हणाली, "ह्यो."

दादा हसायला लागला. "माय, जहाज बांधायचा दोर हाय त्यो."

"मग? आडातली घागर काय जहाजापरीस जड आसती का?"

दादा हसतच राहिला. मला हसू आलं नाही. मी फक्त विचारलं, "लांब किती घ्यायचा?" आपला आड किती खोल, ते मायला बरोब्बर ठाऊक होतं. इतकी वर्षं खाली उभं राहून दुसऱ्यांचे दोर वर येताना तिनं बघितले होते.

मुंबईला विमानतळावर साहेबांनी आमची ट्रंक उघडायला लावली. भोवती लोकांच्या पेट्यांतून रेडिओ निघत होते. आमच्या ट्रंकेतून दोर निघाला. "हे काय?" साहेब म्हणाले. "दोर," माय म्हणाली. त्यांनी तो दोनदा उलगडून बघितला आणि चिडून परत ठेवायला सांगितलं.

गावात पोचलो तेव्हा वैशाख नुसता पेटला होता. आमची विहीर कोरडीठाक. दुसऱ्याच दिवशी सकाळी माय निघाली. एका हातात घागर, दुसऱ्या खांद्यावर कोबेचा दोर आणि त्याला बांधलेला नवा पोहरा. मी मागोमाग. आडावर काकू होती, आणखी चार-पाच बायका होत्या.

"ये गं जपानवाली!" काकू म्हणाली. "ठेव घागर खाली, वाढते तुला."

माय थांबली नाही. ती कट्ट्यावर चढली. रहाटावर दोर टाकला आणि पोहरा खाली सोडला. पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, मग मायनं दोर ओढला. पाणी वर आलं. तिनं आपली घागर भरली. मग पुन्हा पोहरा सोडला, पुन्हा भरून काढला आणि काकूकडे वळून म्हणाली, "काकू, सकाळधरनं उन्हात हाव तुमी. हात करा, वाढते."

काकूनं आपली भरलेली घागर सगळ्यांसमोर पालथी केली आणि ती निघून गेली. बाकीच्या बायकाही गेल्या.

मग जे व्हायचं ते झालं. आमच्या वस्तीतल्या कुणाला शेतावर बोलावणं येईना. दुकानदार गूळ-तेल देईना. एस.टी.नं मानवतला जाऊन आणावं लागलं. आमच्यातलेच काही जण आम्हाला बोलले, कशाला घातला हा घोळ म्हणून. मी जाऊन तक्रार द्यायच्या गोष्टी करत होते. माय ऐकून घ्यायची आणि सकाळ झाली की दोर खांद्यावर टाकून निघायची. वस्तीतल्या दोघीतिघी तिच्यामागं जाऊ लागल्या. वाड्याचं पाणी बैलगाडीनं मळ्यातल्या विहिरीवरून येऊ लागलं. पण मळ्यातली विहीर तरी किती दिवस पुरणार? तीही तळाला गेली. गावात पाणी राहिलं ते एकट्या आडात.

एका दुपारी आम्ही आडावर होतो आणि काकू आली. एकटीच. सुना माहेरी गेल्या होत्या आणि उन्हानं तिचं तोंड काळवंडलं होतं. तिनं आपला दोर रहाटावर टाकला, पण पाणी खूप खोल गेलं होतं. तिचा दोर पोचेना. तिनं कट्ट्याच्या कडेला घागर ठेवली आणि मायकडे न बघता म्हणाली, "वत त्यात."

मायनं आपल्या दोरानं पोहरा वर काढला. भरलेला पोहरा हातात धरला.

"घागर मागून भरते, काकू," ती म्हणाली. "आदी हात."

किती वेळ गेला कोण जाणे. काकूनं इकडं तिकडं बघितलं, मग कमरेत वाकली आणि ओंजळ पुढे केली.

मायनं पोहरा तिच्या बोटांना टेकवला आणि हळूहळू पाणी सोडलं. काकू पोटभर प्याली. मग मायनं तिची घागर काठोकाठ भरून दिली.

माय गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी हे तिला तेव्हाही तोंडावर म्हटलं होतं आणि आजही म्हणते. तिच्या जागी मी असते, तर उंचावरूनच वाढलं असतं.